चितळ, गाडी आणि क्रियापद

मोटारीच्या विम्याचा दावा करताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात एक रकाना असतो : ‘अपघात कसा घडला ते थोडक्यात लिहा.’ त्याखाली तीन-साडेतीन ओळींची जागा सोडलेली असते. जवळजवळ वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. शब्द तोलून वापरावा, विशेषण उगाच खर्चू नये, क्रियाविशेषणाने क्रियेबद्दल काही खरे सांगितले पाहिजे, असे दर वर्षी नव्या वर्गाला सांगतो. त्या साडेतीन ओळींत मी एक क्रियाविशेषण असे वापरले, की त्याची टोचणी अजून गेलेली नाही. हा लेख त्या एका शब्दासाठी लिहितो आहे.

जानेवारी 2024 मधील गोष्ट. मूल येथील एका महाविद्यालयात दिवसभराची कार्यशाळा होती. ती आटोपून आम्ही दोघे चंद्रपूरला परतत होतो. मी गाडी चालवत होतो आणि शेजारी आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका बसल्या होत्या. त्यांना येथे केवळ ‘मॅडम’ म्हणतो. चंद्रपूर-मूल हा रस्ता ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, की तो गावांना जोडण्याआधी जंगलाला छेदतो. ताडोब्याच्या दक्षिणेकडील हा वनप्रदेश. सागवान, बांबू, मधूनच नाला, आणि काही अंतर सोबत चालणारा गोंदिया-बल्लारपूर लोहमार्ग. याच लोहमार्गावर नोव्हेंबर 2018 मध्ये वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले होते. रस्त्याच्या कडेला वन्यप्राण्यांच्या वावराचे इशारे देणारे फलक ठिकठिकाणी आहेत. मी ते इतक्या वेळा पाहिले आहेत, की मला ते दिसेनासे झाले आहेत.

सात वाजून गेले होते. थंडी होती, काचा वर होत्या. आम्ही कार्यशाळेतल्या चहाविषयी काहीतरी बोलत होतो. दिव्यांच्या उजेडात एक चितळ उजवीकडून डावीकडे गेले. बऱ्याच पुढे होते. दोन उड्यांत रस्ता ओलांडून ते झाडोऱ्यात दिसेनासे झाले. मॅडम म्हणाल्या, “सर, थांबा. मागे अजून असतील.”

मी थांबलो नाही. वेग थोडा कमी केला, एवढेच. गाडी साठच्या खाली आली असेल. पाय ब्रेकवर टेकला आणि मग, रस्ता मोकळा दिसतो आहे असे वाटून, उचलला गेला. दुसरे चितळ आले ते बरोबर पहिल्याच्या वाटेने. उजेडात त्याचे डोळे क्षणभर चमकले आणि ते जागच्या जागी उभे राहिले. आवाज झाला. पोत्यावर काठी मारावी तसा, अपेक्षेपेक्षा फार लहान. गाडी तिरकी होऊन थांबली. बॉनेट मधोमध उचलले गेले होते, डावा दिवा विझला होता, आणि पुढून वाफेसारखे काहीतरी येत होते.

खाली उतरून मोबाइलच्या उजेडात पाहिले तर बंपरखालून लालसर ओघळ डांबरावर पसरत होता. ते रक्त आहे असे वाटून माझे हातपाय गळाले. नंतर कळले की ते कूलंट होते. रेडिएटर फुटला होता आणि त्यातले रंगीत पाणी वाहत होते. रक्त तिथे नव्हतेच. ते दहा-बारा पावले मागे होते, जिथे चितळ पडले होते.

ती मादी होती, आणि जिवंत होती. पुढचे पाय हलत होते, मागचे नव्हते. मी तिच्याकडे जाऊ लागलो तसे मॅडमनी दंड धरून थांबवले. “जवळ जाऊ नका. पाणीही देऊ नका. आपण दिसलो की ती उठायचा प्रयत्न करील आणि तिला जास्त त्रास होईल.” त्यांनी माझ्याकडून गाडीचा उरलेला दिवा बंद करवला आणि धोक्याचे पिवळे दिवे तेवढे लुकलुकते ठेवले. मागून येणाऱ्या वाहनांसाठी त्रिकोण ठेवायला हवा, हेही त्यांनीच सुचवले. तो डिकीत होता, चार वर्षांत त्याचे वेष्टनही काढलेले नव्हते. मग त्यांनी 1926 या वनखात्याच्या मदत क्रमांकावर फोन लावला. मला तो क्रमांक ठाऊक नव्हता. जंगलाच्या कडेने आयुष्य काढलेल्या माणसाला तो ठाऊक नसावा, याचे त्या क्षणी आश्चर्यही वाटले नाही.

वीसेक मिनिटे आम्ही रस्त्याच्या कडेला अंधारात उभे होतो. करण्यासारखे काही नव्हते. पूर्वेकडे झाडांच्या वर मृग नक्षत्र आले होते : चार पायांचे चार तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि खाली तो बाण सोडणारा व्याध. लहानपणी आजोबांनी अंगणात दाखवलेले हे चित्र मी कितीदा पाहिले आहे आणि कितीदा वर्गात सांगितले आहे. त्या रात्री ते पाहवले नाही. मान खाली घातली तर ती समोर होती. कधीतरी तिच्या पायांची हालचाल थांबली. मॅडम हलकेच म्हणाल्या, “गेली.”

वनरक्षक आले, त्यांच्यामागून आणखी दोघे आले. फार शांतपणे त्यांनी काम सुरू केले. गाडीचे, मादीचे, रस्त्याचे, मधल्या अंतराचे फोटो घेतले. टेपने अंतर मोजले. पंचनामा लिहिला. माझे लायसन्स, गाडीचे कागद पाहिले आणि जबाब घेतला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात यावे लागेल असे सांगितले. मादीला ते घेऊन गेले. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन होते आणि मग नियमानुसार तिथेच दहन करतात, अशी माहिती त्यांच्याकडून मिळाली. मी न विचारताच त्यांच्यातील एकाने सांगितले, “पोटात पिल्लू आहे की नाही ते उद्या कळेल.” दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो तेव्हा ते विचारायचे धैर्य मला झाले नाही, आणि त्यांनीही ते सांगितले नाही.

घरी आल्यावर झोप नव्हती, म्हणून 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून वाचत बसलो. कायद्याची भाषा हा माझा विषय नाही, पण वाचताना एका कलमाशी अडखळलो. 39 व्या कलमानुसार मृत सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता असते, आणि अशी मालमत्ता ज्याच्या ताब्यात येईल त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. म्हणजे अपघाताच्या आधी ती कोणाचीच नव्हती, रानाची होती. माझ्या गाडीखाली आल्यावर ती मालमत्ता झाली. ‘चुकून’ हा शब्दही मी पुन्हा पुन्हा वाचला. चूक कायद्याला ठाऊक आहे. तिच्यासाठी त्याने जागा ठेवली आहे.

गाडीला मात्र तशी जागा लगेच सापडली नाही. रेडिएटर फुटलेल्या अवस्थेत गाडी सुरू करायची नाही, इंजीन तापून जाम होते आणि मग तो खर्च विमा कंपनी ‘नंतर झालेले नुकसान’ म्हणून नाकारू शकते, हे माझ्या मेहुण्याने फोनवर बजावून सांगितले होते. म्हणून गाडी ओढून न्यावी लागली. वर्कशॉपमध्ये एका तरुण सल्लागाराने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि यादी सांगत गेला : पुढचा बंपर, जाळी, डावा हेडलॅम्प, बॉनेट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, त्यांना धरून ठेवणारा आडवा पत्रा. डावा फेंडर ठोकून सरळ होईल, बदलायची गरज नाही. मग त्याने माझ्यापुढे दाव्याचा अर्ज ठेवला आणि त्या रकान्यावर बोट टेकवले.

मी पेन हातात धरून बसलो. बराच वेळ बसलो असेन, कारण तो म्हणाला, “सर, एवढं काय त्यात? ‘अचानक प्राणी आडवा आला’ लिहा. सगळे तेच लिहितात.”

मी ते लिहिले. वाहन मध्यम वेगात असताना रस्त्यावर अचानक हरिण आडवे आल्याने ते वाहनास धडकले. एका वाक्यात काम झाले. अडीच ओळी रिकाम्या राहिल्या.

पुढचे सारे यथासांग पार पडले. 50 हजारांवरच्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी लागते. ते गृहस्थ आले, त्यांनी फोटो काढले, पंचनाम्याची प्रत घेतली. केवळ तृतीय पक्षाचा विमा असता तर एक रुपयाही मिळाला नसता. माझा सर्वसमावेशक होता, म्हणून प्राण्याच्या धडकेचे नुकसान त्यात बसले. पण ‘झिरो डेप्रिसिएशन’ची जोड मी दुसऱ्या वर्षीच काटकसर म्हणून सोडून दिली होती, तिची किंमत आता कळली. विमा कंपनी नव्या भागाचे पूर्ण पैसे देत नाही, जुन्या भागाची झीज वजा करते. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन यांची निम्मी. धातूच्या भागांची गाडीच्या वयानुसार. चार वर्षे उलटलेल्या, पण पाच न झालेल्या गाडीसाठी 35 टक्के. काचेची काहीच नाही. रंगाच्या सामानाची निम्मी. शिवाय अनिवार्य वजावट एक हजाराची, आणि कूलंट, एसीचा गॅस असल्या वस्तू हिशेबाबाहेर. बिल 63 हजारांच्या आसपास झाले, त्यातले 40 हजारांच्या जवळपास मिळाले. उरलेले 23 हजार माझे. ज्यांच्या गाड्या रानातून जातात त्यांनी ही जोड सोडू नये, एवढा व्यावहारिक उपदेश येथे करून ठेवतो.

हिशेब वाचताना मनात एक विचित्र गोष्ट आली. बंपरची झीज 50 टक्के, बॉनेटची 35, काचेची शून्य. हा तक्ता कोणीतरी विचारपूर्वक केला आहे. वस्तू वापरात असताना थोडी थोडी संपत जाते, हे त्यात मान्य केलेले आहे. माणसाच्या शब्दांना असा तक्ता नाही. ‘अचानक’ हा शब्द मी किती टक्के झिजवला, हे कोणता सर्व्हेअर सांगणार?

कारण ते अचानक नव्हते. मी पुढे अनेक रात्री त्याचे गणित केले आहे. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच पंचवीस मीटर संपलेले असतात. हे सारे ‘अचानक’च्या बाजूने बोलणारे गणित आहे, जर दुसरे चितळ हेच पहिले असते तर. पण पहिले येऊन गेले होते. मॅडमनी सांगितले होते. चितळ कळपाने राहते, एकामागून दुसरे त्याच वाटेने येते, हे प्राणिशास्त्र न शिकलेल्या गुराख्यालाही ठाऊक असते. ती उजेडात थबकली याचेही कारण मॅडमनी नंतर समजावले : अंधारासाठी विस्फारलेल्या बाहुल्या, डोळ्यामागचा प्रकाश परतवणारा पडदा, आणि एकदम अंगावर येणारा झोत. तिला काही दिसलेच नाही. मला दिसले होते. आम्हा दोघांत अचानक कोणासाठी काही घडले असेल, तर ते तिच्यासाठी.

मग मी माझ्या परिचित घराकडे वळलो, म्हणजे वाङ्मयाकडे. तिथे काही दिलासा मिळेल असे वाटले होते. आपल्या साहित्यात रथ आणि हरिण यांची गाठ जुनी आहे. ‘शाकुंतल’ सुरूच होते ते रथात बसलेल्या राजाच्या आणि पुढे धावणाऱ्या हरणाच्या दृश्याने. कालिदासाने त्या वेगाचे वर्णन असे केले आहे, की वर्गात शिकवताना मी स्वतः त्या वेगाच्या बाजूने होऊन जातो. पण तिथे एक तापस हात वर करून मध्ये येतो, हे आश्रमाचे हरिण आहे, मारू नका म्हणतो, आणि राजा बाण उतरवतो. संपूर्ण नाटक त्या उतरवलेल्या बाणामुळे शक्य होते. माझ्या रथातही कोणीतरी तसे म्हणाले होते. महाभारतातील पंडूला असे सांगणारे कोणी भेटले नाही. त्याच्या बाणाने मरणारा मृग किंदम ऋषी निघाला, आणि पंडू मरणाऱ्यापुढे मृगया हा राजधर्म कसा आहे याचा युक्तिवाद करीत राहिला. ही कथा मी आजवर शापाची कथा म्हणून वाचत होतो. आता ती मला दाव्याच्या अर्जाची कथा वाटते.

आणि आमच्याच विदर्भात घडलेले ‘लीळाचरित्र’. त्यात सशाची लीळा आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयाला येऊन बसतो, आणि पारधी मागायला आले तरी शरण आलेला जीव ते देत नाहीत. ही लीळा शिकवताना मी अहिंसेवर बोलतो, शैलीच्या साधेपणावर बोलतो. पारध्यांविषयी कधी बोललो नव्हतो. ते परत फिरतात. त्यांच्या मनात काय आले असेल? आपण पुस्तकातल्या प्रसंगांत नेहमी कोणत्या बाजूला उभे असतो, हे त्या प्रसंगाच्या दुसऱ्या बाजूला गेल्याशिवाय कळत नाही.

वाङ्मयाने सोडवले नाही म्हणून शेवटी व्याकरणापाशी आलो. ते तरी तटस्थ असेल. एकाच घटनेचे तीन कागद माझ्यापुढे होते. पंचनाम्यात होते : ‘मादी चितळ मृतावस्थेत आढळून आले.’ येथे कोणी मारणारा नाही, मरणेसुद्धा नाही, फक्त आढळणे आहे. वर्कशॉपच्या कागदावर होते : ‘पुढून धडक, प्राणी.’ तिथे क्रियापदच नाही. आणि माझ्या अर्जात : ‘हरिण वाहनास धडकले.’ कर्तरी प्रयोग, कर्ता हरिण. तिघांत सर्वांत असत्य वाक्य मराठीच्या प्राध्यापकाचे होते.

मी ते दुरुस्त करून पाहू लागलो. ‘माझ्या हातून हरिण मेले.’ आपल्या भाषेची ही फार सोयीची सोय आहे. हात माझा, पण मेले ते हरिण. कर्ता पुन्हा तेच. ‘माझ्याकडून हरिण मारले गेले.’ ही सरकारी दिलगिरी झाली. ‘मी हरिण मारले.’ हे सरळ वाटते. पण प्रयोग ओळखा, असे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून देतो ना? कर्मणी. ‘मी’ वाक्यात आहे, पण क्रियापद माझ्यामागे येत नाही, ते हरणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. हरिणी असती तर ‘मारली’, हरणे असती तर ‘मारली’. मी पुरुष की स्त्री, एक की अनेक, याचा क्रियेला पत्ताच नाही. आणि ‘मी हरणाला मारले’ म्हटले तर भावे, म्हणजे क्रियापदाचे कोणाशीच नाते नाही. प्रमाण मराठीत भूतकाळातली सकर्मक क्रिया सहसा कर्त्याच्या अंगाला चिकटत नाही. हा काही नैतिक दोष नव्हे, हा प्राकृतांतून आलेला इतिहास आहे; व्याकरणातून स्वभाव काढू नये हे मला कळते. तरीही त्या दिवसांत ते टोचत राहिले.

गाडी आणायला गेलो तो दिवस. दुरुस्ती झाली होती, पण फेंडरच्या रंगावरून शेवटचा हात फिरायचा होता, म्हणून सल्लागाराने मागे शेडमध्ये जाऊन पाहायला सांगितले. तिथे पन्नाशी ओलांडलेले एक डेंटर काम करीत होते. पत्रा आतून ठोकून कसा सरळ केला, मग लांबी भरून, घासून, प्रायमर देऊन वरचा रंग कसा मिळवला, हे त्यांनी बोट फिरवून दाखवले. मला फरक दिसत नव्हता. “तुम्हाले दिसत नाही, पण आहे,” ते म्हणाले. “उन्हात तिरपं पाहाल तं दिसंल.” मग थोडे थांबून म्हणाले, “जाळीत केस होते जी हरणाचे. मी काढून टाकलो.”

मी काही बोललो नाही. माझा चेहरा पाहून असेल, त्यांनी फडके खांद्यावर टाकले आणि सहज सांगावे तसे सांगितले, “मी बी एक भेडकी मारलो होतो, मोटारसायकलनं. लय वर्सं झाली. रात्री घाईत होतो. मीच मारलो.”

भेडकी म्हणजे भेकर. पण माझे लक्ष त्या प्राण्याकडे नव्हते, क्रियापदाकडे होते. मारलो. ‘मी भेडकी मारलो.’ आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बोलण्यात हे रूप सर्रास ऐकू येते : मी काम केलो, मी भात खाल्लो, मी चिठ्ठी लिहिलो. प्रमाण भाषेत सकर्मक क्रियापद कर्मामागे जाते, या बोलण्यात ते कर्त्यामागे येते. भेडकी स्त्रीलिंगी आहे म्हणून क्रिया ‘मारली’ होत नाही. ती बोलणाऱ्याचीच राहते. जी जागा मी प्रमाण मराठीत आठवडाभर शोधत होतो, ती या माणसाच्या तोंडी आयती होती, आणि ती त्याने माझ्यापुढे काहीही सिद्ध न करता ठेवली.

हेच रूप मी इतकी वर्षे लाल शाईने खोडत आलो आहे. ‘मी निबंध लिहिलो’ याखाली रेघ, समासात ‘लिहिला’, कधी चिडून उद्गारचिन्हही. मूल, सिंदेवाही, नागभीड, गडचिरोलीकडून येणारी मुले पहिल्या वर्षी हे लिहितात, तिसऱ्या वर्षापर्यंत लिहिणे सोडतात, आणि आपण त्यांना भाषा शिकवली असे आम्हाला वाटते. बोली आणि प्रमाण यांवर मी परिसंवादांत बोललो आहे, बोलीविषयी आदर व्यक्त करणारी वाक्ये मला पाठ आहेत. पण तो आदर शब्दसंग्रहाचा होता. व्याकरणाकडून काही शिकायचे असेल, असे मनात आले नव्हते.

मार्चमध्ये उत्तरपत्रिका तपासायला आल्या तेव्हा पुन्हा ‘मी केलो’ समोर आले. येथे मला असे लिहिता आले असते, की मी लाल पेन खाली ठेवले. तसे झाले नाही. परीक्षा प्रमाण भाषेची आहे, आणि उद्या त्या मुलीला स्पर्धा परीक्षेत त्या रूपासाठी गुण गमवावे लागतील. मी रेघ ओढली. फक्त त्या वर्षापासून वर्गात प्रयोग शिकवताना हे रूप फळ्यावर चूक म्हणून नव्हे, तर एक वेगळी व्यवस्था म्हणून मांडतो. पहिल्यांदा मांडले तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटले, आणि मग एका मुलाने विचारले, “मग सर, आम्ही घरी बरोबर बोलतो का?” त्याला मी ‘हो’ म्हटले.

मॅडमशी या विषयावर महिनाभर बोललो नव्हतो. त्याही काढत नव्हत्या. एके दिवशी स्टाफरूममध्ये दोघेच असताना मी त्यांना अर्जातला शब्द सांगितला. मला वाटले होते, त्या म्हणतील, “जाऊ द्या सर, सगळे तेच लिहितात.” त्या म्हणाल्या, “मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.” त्यात राग नव्हता. मग म्हणाल्या, “खरं लिहिलं असतं तर पैसे मिळाले नसते का?” मी नंतर त्या सर्व्हेअरना फोन करून, आडवळणाने, हे विचारले. त्यांनी सांगितले की एवढ्याने काही फरक पडला नसता. स्वतःच्या निष्काळजीपणाचे नुकसानही असल्या विम्यात सहसा बसते. नशेत चालवणे, लायसन्स नसणे, या गोष्टी वेगळ्या. म्हणजे मी खोटे लिहिले त्याचा मला एका पैचाही फायदा नव्हता. ते मी विमा कंपनीसाठी लिहिलेच नव्हते. त्या अर्जाचा खरा वाचक मीच होतो.

नागपूरहून उत्तरेला जाणाऱ्या 44 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या पट्ट्यात, प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता उचलून घेतलेला आहे. तसे नऊ मार्ग तिथे आहेत, त्यांतला सर्वांत लांब साडेसातशे मीटरांचा. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा वाघापासून चितळापर्यंत अनेक प्राणी त्यांचा वापर करताना दिसले. हा उपाय शक्य आहे आणि तो उपयोगी पडतो, हे त्यावरून सिद्ध झाले. प्रत्येक रानरस्त्यावर तो व्हावा, असे मी म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण हे वाक्य मी या लेखात उशिरा आणले आहे, कारण ते आधी आणले असते तर त्याच्या आडोशाला मला उभे राहता आले असते. रस्त्यावर पूल नव्हता हे खरे. पहिले चितळ गेलेले मी पाहिले होते, हेही खरे.

पुढे विम्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. चार वर्षे दावा न केल्याबद्दल साठलेली 45 टक्क्यांची सवलत शून्यावर आली होती, हप्ता वाढला होता. अर्जात एक प्रश्न होता : मागील वर्षी दावा केला होता का? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. मी ‘होय’वर खूण केली. इतक्या सोप्या प्रश्नाचे इतके खरे उत्तर त्या सगळ्या प्रकरणात मी पहिल्यांदाच देत होतो.

यंदाच्या हिवाळ्यात मूलला पुन्हा जाणे झाले. परतताना मॅडम सोबत होत्या. तोच रस्ता, जवळपास तीच वेळ. गाडी चाळीसच्या आत होती. उजेडाच्या टोकाशी एक चितळ उजवीकडून डावीकडे गेले. मी गाडी थांबवली, दिवे खाली केले, धोक्याचे दिवे लावले. दोघेही बोललो नाही. मागे एक ट्रक येऊन उभा राहिला, त्याने दोनदा हॉर्न दिला आणि मग तोही गप्प झाला. दुसरे गेले, मग तिसरे, मग आईला चिकटून एक पाडस. त्यानंतर रस्ता मोकळा दिसू लागला. आम्ही आणखी थोडा वेळ थांबलो.